दानपेटीतला पैसा कोणाचा?

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये एक उंच, पांढरा पोलादी क्रूस उभा आहे. २९ सप्टेंबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे इथे मिस्सा अर्पण करायला आले, तेव्हा या मैदानावर दहा लाखांहून जास्त माणसं जमली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा ३४ लाखांच्या घरात होती. म्हणजे दर तीन-साडेतीन माणसांमागे एक जण त्या दिवशी तिथे होता. २६ ऑगस्ट २०१८ रोजी पोप फ्रान्सिस त्याच जागी आले. पाच लाखांची तयारी केली होती. आले दीड लाखाच्या आसपास. पाऊस होता, वारा होता, हे खरं. पण आयर्लंडमध्ये पावसामुळे लोक घरात बसले असते, तर या देशात काहीच झालं नसतं.

सत्तरच्या दशकात इथे झालेल्या सर्वेक्षणात शंभरातले ९१ कॅथलिक दर आठवड्याला मिस्साला जातो असं सांगत होते. जगात दुसरीकडे कुठे असा आकडा सापडणं कठीण. २०११ च्या जनगणनेत ८४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं, २०२२ मध्ये ६९ टक्के. हे फक्त रकान्यात खूण करणारे. प्रत्यक्ष रविवारी चर्चमध्ये कोण असतं ते मी पाहतो, कारण मी जातो.

मी वसईचा. २०२१ पासून डब्लिनमध्ये आहे, एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. घरून कॅथलिक, आणि इथेही रविवारची मिस्सा चुकवत नाही. हे ऑफिसात सांगितलं की आयरिश सहकारी माझ्याकडे असे बघतात, जणू मी अजून फॅक्स मशीन वापरतो. माझ्या चर्चमध्ये साधारण तीन प्रकारचे लोक येतात : सत्तरीच्या पुढचे आयरिश आजी-आजोबा, केरळच्या नर्सेस आणि त्यांची कुटुंबं, आणि फिलिपिनो-ब्राझिलियन-नायजेरियन असे आम्ही बाकीचे. माझ्या वयाचा आयरिश मुलगा दिसला तर तो बहुतेक आजीला गाडीतून सोडायला आलेला असतो.

वसईत या सगळ्याचं स्पष्टीकरण तयार असतं. लग्नाच्या मांडवात कोणीही काका सांगतील : पैसा आला की देव आठवत नाही. आयर्लंड गरीब होता तेव्हा भाविक होता; नव्वदच्या दशकात अमेरिकन कंपन्या आल्या, पगार वाढले, देवळं ओस पडली. (आम्ही बोलताना चर्चला सर्रास देऊळ म्हणतो, तेव्हा दचकू नका.) हे स्पष्टीकरण चर्चलाही सोयीचं आहे. दोष लोकांच्या सुबत्तेवर टाकला की हिशेब संपला.

पण इतिहास याला दुजोरा देत नाही. आयर्लंड सर्वांत गरीब होता तो १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळाआधी आणि दुष्काळात. एमेट लार्किन नावाच्या इतिहासकाराने १९७२ मध्ये एक मांडणी केली, जिच्यावर आजही वाद चालतो : दुष्काळाआधी ग्रामीण आयर्लंडमधल्या निम्म्याहून कमी लोकांना दर रविवारी मिस्सा मिळत असावी, आणि ज्याला आपण जुनी-पुराणी आयरिश भक्ती समजतो ती खरं तर दुष्काळानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिली. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी दहा लाखांच्या आसपास देश सोडून गेली. मेले ते बहुतांशी भूमिहीन मजूर. उरले त्यांच्यात थोडीफार जमीन असलेल्यांचं प्रमाण वाढलं, आणि भक्ती वाढली ती या वर्गात. लार्किन यांच्या हिशेबाने १८४० च्या सुमारास तीन हजार लोकांमागे एक फादर होता. १९०० पर्यंत नऊशेच्या आसपास लोकांमागे एक. लोक निम्मे झाले आणि फादर वाढले. तेव्हा गरिबी आणि श्रद्धेचा सरळ गुणाकार मांडता येत नाही. थोडा पैसा आल्यावरच इथली चर्चेस भरली होती.

तो थोडा पैसा कुठून आला, हे पाहायचं असेल तर कोव्हला जावं. कॉर्कजवळचं हे बंदर. टायटॅनिकचा शेवटचा थांबा म्हणून पर्यटक येतात, पण या गावाची खरी गोष्ट जहाज बुडण्याच्या आधीची आहे. १८४८ ते १९५० या काळात सुमारे साठ लाख आयरिश माणसांनी देश सोडला. त्यातली जवळजवळ पंचवीस लाख या एका धक्क्यावरून गेली. धक्क्यावर उभं राहून मागे वळलं की डोंगरउतारावर रंगीत घरांच्या ओळी, आणि त्यांच्या डोक्यावर सेंट कोलमन कॅथीड्रल. इतकं मोठं, की गाव त्याच्या पायाशी खेळणं ठेवल्यासारखं दिसतं. बांधकाम १८६८ मध्ये सुरू झालं आणि १९१९ मध्ये त्याचा अभिषेक झाला. पन्नास वर्षं. मनोऱ्यात आज ४९ घंटा आहेत.

पैसे दिले ते गावातल्या लोकांनी, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी. म्हणजे बोस्टनमध्ये दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करणारी मुलगी घरी पैसे पाठवायची, आणि त्यातलाच काही भाग या दगडांत जायचा. हे समजायला मला वेळ लागला नाही. आमच्याकडे आखातात किंवा कॅनडात गेलेली मुलं गावच्या चर्चच्या छपरासाठी पैसे पाठवतातच. मी स्वतः पाठवलेत. माणूस ज्या गावात राहू शकला नाही, त्या गावात आपली काहीतरी खूण राहावी असं त्याला वाटतं. कोव्हमध्ये उभं राहून 'गरिबांना लुबाडून बांधलं' असं म्हणणं मला जमलं नाही. ज्यांच्या बापजाद्यांना उघड्यावर, एखाद्या दगडाची वेदी करून, पहारा ठेवून मिस्सा करावी लागली होती, त्यांनी संगमरवर मागवला तर त्यात मला लोभ दिसत नाही. चार पिढ्या झोपडीत राहिलेल्या लोकांकडे सामाईक मालकीची म्हणावी अशी ही एकच भव्य वस्तू होती.

फक्त ती सामाईक मालकीची नव्हती. कागदावर ती धर्मप्रांताच्या विश्वस्तांची होती. देणाऱ्याने एकदा दिलं की त्यावर त्याचा शब्द संपला. माझ्या धंद्यात याला अगदी रोजची उपमा आहे : डेटा हजारो लोक भरतात, ॲडमिन मात्र एकच असतो. ॲडमिन चांगला असेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

देण्याची पद्धतही बघा. आयर्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकात बराच काळ फादर वेदीवरून देणगीची यादी वाचून दाखवत. अमुक शेतकरी, इतके पौंड. तमुक विधवा, इतके शिलिंग. सगळं गाव ऐकतंय. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर 'सौजन्य' लिहितात ते हसण्यावारी नेता येतं, कारण पंखा न देणाऱ्याचं नाव कुठे लिहीत नाहीत. इथे शिलिंग देणाऱ्या विधवेचं नावही पुकारलं जायचं.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने निर्णायक वर्ष १९५१ आहे. नोएल ब्राऊन नावाचा तरुण डॉक्टर तेव्हा आरोग्यमंत्री होता. त्याचं स्वतःचं कुटुंब क्षयरोगाने उद्ध्वस्त झालेलं. त्याने एक योजना आणली : प्रत्येक आईला बाळंतपणात आणि प्रत्येक मुलाला सोळा वर्षांपर्यंत मोफत उपचार. उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. सगळ्यांना, सरसकट.

बिशपांनी विरोध केला. डॉक्टरांच्या संघटनेनेही केला, कारण त्यांची खासगी कमाई बुडणार होती. ते समजण्यासारखं आहे. पण बिशपांचं काय बुडणार होतं? त्यांचे आक्षेप लेखी आहेत : मुलांचं आरोग्य ही कुटुंबाची जबाबदारी आहे, सरकारने त्यात शिरू नये, स्त्रियांना बाळंतपणाविषयी शिकवण्याच्या निमित्ताने कॅथलिक नीतीला न पटणाऱ्या गोष्टी शिकवल्या जातील, आणि ज्यांना परवडतं त्यांना फुकट देण्याची गरज नाही. ब्राऊनच्या स्वतःच्या सरकारने त्याची साथ सोडली. एप्रिल १९५१ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि बिशपांशी झालेला सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांकडे पाठवून दिला. लोकांनी तो छापील वाचला. चर्च त्यानंतरही चाळीस वर्षं भरलेलीच राहिली, म्हणून या घटनेला फारसं महत्त्व देत नाहीत. मला ती सोडवत नाही. कारण तिच्यात प्रश्न अगदी स्वच्छ दिसतो. आजारी बाईला औषध मिळावं याला कोणाचाच विरोध नव्हता. विरोध होता तो कोणाचीही परवानगी न घेता, आपली गरिबी सिद्ध न करता, हक्काने मिळण्याला.

एकदा हा धागा हातात आला की पुढच्या गोष्टी वेगळ्या दिसतात. औद्योगिक शाळा म्हणून इथे संस्था होत्या. गरीब घरातली, अनाथ, किंवा लग्नाशिवाय झालेली मुलं न्यायालयाच्या हुकमाने तिथे पाठवली जात. चालवत होती धर्मसंघांची मंडळी, आणि सरकार त्यांना दर मुलामागे ठरावीक रक्कम देत असे. आता हा हिशेब मांडा. मूल घरी परत गेलं तर रक्कम बंद. घरच्या आईला तीच रक्कम दिली असती तर अनेक मुलांना पाठवावंच लागलं नसतं. २००९ मध्ये रायन आयोगाचा अहवाल आला. मारहाण, भूक, लैंगिक अत्याचार. दशकानुदशकं, संस्थांमागून संस्था. त्यातलं काही मी वाचलं. सगळं वाचवलं नाही.

आणि मॅग्डलीन लाँड्री. 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या बायका-मुलींना ठेवून घ्यायचं आणि त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घ्यायचे. शेवटची लाँड्री डब्लिनमध्ये १९९६ साली बंद झाली. मी जन्मलो त्याच्या आसपास. सरकारी चौकशीनुसार १९२२ पासून सुमारे दहा हजार बायका या दारांतून आत गेल्या. त्याच अहवालात असंही म्हटलंय की बहुतेक लाँड्र्यांना मोठा नफा नव्हता, खर्च जेमतेम भागायचा. यावर टीका झाली, पण घटकाभर खरं मानू. मग गोष्ट आणखी अवघड होते. नफ्यासाठी केलं असतं तर लोभ म्हणून सोडून देता आलं असतं.

जमिनीचं मोल मात्र होतं. डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागात हाय पार्क नावाचा कॉन्व्हेंट होता, त्याच्या आवारात लाँड्री आणि लाँड्रीतल्या बायकांची दफनभूमी. १९९३ मध्ये संघाने जमिनीचा एक भाग बिल्डरला विकला. शेअर बाजारात पैसे बुडाले होते, म्हणून रक्कम हवी होती. दफनभूमी हलवण्यासाठी १३३ जणींचे अवशेष काढण्याची परवानगी घेतली होती. खोदल्यावर आणखी २२ सापडल्या. १५५. कित्येकींचे मृत्यूचे दाखलेच नव्हते. काहींची पूर्ण नावंही कोणाला ठाऊक नव्हती. बहुतेकींचं दहन करून रक्षा ग्लासनेविनच्या दफनभूमीत ठेवली.

वसईचा असल्यामुळे जमीन विकणं म्हणजे काय हे मला कळतं. आमच्याकडे केळीच्या बागा, फुलांच्या वाड्या, विहिरी, सगळ्याचे टॉवर होताना आम्ही पाहिलंय, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा माणूस त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेलाही आमच्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलाय. पण विकणाऱ्याला निदान आपल्या जमिनीत कोण पुरलंय, हे ठाऊक असतं.

आता पैशाचा हिशेब. औद्योगिक शाळांमधल्या मुलांना भरपाई द्यायची ठरली तेव्हा २००२ मध्ये सरकार आणि १८ धर्मसंघ यांच्यात करार झाला. संघांनी रोख, मालमत्ता वगैरे मिळून १२.८ कोटी युरो द्यायचे. त्या बदल्यात पुढच्या सगळ्या दाव्यांची जबाबदारी सरकारची. पंधरा हजारांहून जास्त लोकांना भरपाई मिळाली आणि एकूण खर्च दीडशे कोटी युरोंच्या आसपास गेला. रायन अहवालानंतर संघांनी आणखी मालमत्ता देऊ केली, त्यातली काही आली, काही रखडली. मॅग्डलीनच्या बायकांसाठीच्या योजनेत तर लाँड्री चालवणाऱ्या चारही संघांनी पैसे द्यायला नकार दिला. उरलेलं कोणी भरलं? सरकारने. म्हणजे इथे कर भरणाऱ्या प्रत्येकाने. त्यात मिस्साला न जाणारे आहेत, मुसलमान आहेत, निरीश्वरवादी आहेत, ज्यांच्या आजीला त्या लाँड्रीत डांबलं होतं तेही आहेत.

चर्चच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं आहे, आणि ते नीट ऐकायला हवं. कायद्याने प्रत्येक धर्मसंघ वेगळा. धर्मप्रांत वेगळा. माझ्या चर्चच्या दानपेटीतला युरो लाँड्री चालवणाऱ्या संघाकडे जात नाही. डब्लिनमध्ये मिस्साला दोनदा थाळी फिरते : पहिल्यांदा फादरांच्या निर्वाहासाठी, दुसऱ्यांदा गरीब धर्मग्रामांना हातभार म्हणून. संघांच्या नावावरची बरीचशी मालमत्ता म्हणजे शाळा आणि दवाखाने. ते विकून पैसे उभे करा म्हणणं सोपं, मग त्या शाळांचं काय? आणि उरलेल्या सिस्टर्स आता ऐंशी-पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकींनी आयुष्यभर पगार न घेता शिकवलंय, रुग्ण सांभाळलेत. त्यांच्या औषधपाण्याचे पैसे काढून घ्यायचे का?

यातला एकही मुद्दा खोटा नाही. तरी मला पटत नाही, आणि त्याचं कारण मी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. संत पौलाची शिकवण आहे की ख्रिस्तसभा हे एक शरीर आहे. आम्ही मृतांसाठी प्रार्थना करतो, संतांच्या पुण्याईत आपला वाटा आहे असं मानतो, मदर तेरेसांचं नाव आलं की प्रत्येक कॅथलिकाची छाती थोडी फुगते, तिने कधी वसई पाहिली असो वा नसो. पुण्य असं सामाईक खात्यात जमा होत असेल, तर पापाच्या वेळी अठरा वेगळ्या संस्थांची अठरा वेगळी पॅन कार्डं बाहेर काढता येत नाहीत. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बापाची जमीन हवी, पण सातबाऱ्यावरचा बोजा नको, असं चालत नाही. वारस म्हणून नाव लावलं की इतर हक्कांतल्या नोंदीही आपल्याच.

आता हा युक्तिवाद माझ्यावरच येतो, हे मला दिसतंय. मी त्या शरीराचा भाग असेन तर बोजा माझाही. डब्लिनला आलो तेव्हा माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात, जेव्हा दुपारी चारला अंधार पडतो आणि फ्लॅटमधले तिघे आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसतात, तेव्हा मला माणसं मिळाली ती चर्चच्या हॉलमध्ये. चहा, बिस्किटं, केरळच्या काकूंनी डब्यातून आणलेला भात. तो हॉल कोणीतरी, कधीतरी, वेदीवरून नाव वाचून दाखवलं जाईल या भीतीने किंवा प्रेमाने दिलेल्या पैशांतून बांधलाय. मी त्याच्या उबेला बसलो. मग त्या शहरात चार मैलांवर कपडे धुणाऱ्या बाईचं देणं माझ्याशी संबंधित नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी बसतात. आयर्लंडमध्ये वयाने मोठ्यांनाही नावाने हाक मारतात. मला अजून जड जातं, म्हणून मी हाकच मारत नाही, नुसता हसतो. त्यांची आत्या अशाच एका संस्थेत गेली आणि परत आली नाही, हे त्यांनी मला एकदा हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही अजून का येता? त्या म्हणाल्या, हे चर्च माझ्या आजोबांनी बांधलंय, बिशपने नाही. मी का म्हणून बाहेर जाऊ? त्यांची मुलं-नातवंडं येत नाहीत. नातीचं पहिलं कम्युनियन मात्र थाटात झालं : पांढरा झगा, अंगणात हवा भरलेला किल्ला, आणि पाकिटांत जमलेले काहीशे युरो. कर्ज काढून हा सोहळा करणारी घरं इथे आहेत, हे दानसंस्था दरवर्षी सांगतात. जिथे जवळजवळ नव्वद टक्के प्राथमिक शाळा चर्चच्या छत्राखाली आहेत, तिथे कम्युनियन हा शाळेचाच एक कार्यक्रम असतो. २०१८ पर्यंत, शाळेत जागा कमी असतील तर, बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आधी प्रवेश मिळायचा. त्यामुळे देवावर विश्वास नसलेले आईबापही मुलांचा बाप्तिस्मा उरकून घेत. अशाने रजिस्टर भरतं.

म्हणून लोक श्रीमंत झाल्यामुळे चर्च रिकामी झाली, या म्हणण्यात मला अर्धंच तथ्य वाटतं. सुबत्तेने लोकांना देव विसरायला लावलं नाही; तिने त्यांना निघून जाता येईल इतकं स्वतंत्र केलं. शाळेच्या जागेसाठी, दवाखान्यासाठी, नोकरीच्या शिफारसपत्रासाठी फादरांवर अवलंबून असलेला माणूस रविवारी येतो, तेव्हा तो श्रद्धेने आला की गरजेने, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. ९१ टक्क्यांत दोन्ही मिसळलेलं होतं. गरज वजा झाल्यावर जे उरलं ते आज माझ्या आजूबाजूच्या बाकांवर बसतं.

याच्या उलट एक गोष्ट मला आमच्या वसईतून माहीत आहे. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनिस यांनी कॅथलिक शेतकऱ्यांसाठी पतपेढी सुरू केली; तिचीच पुढे बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. माझ्या आजोबांचं पासबुक तिथलं. सावकाराच्या तावडीत सापडलेल्या माणसाला फादरांना धान्य वाटता आलं असतं. त्यांनी त्याला सभासद केलं. सभासदाला मत असतं, तो वार्षिक सभेत उभा राहून आरडाओरडा करू शकतो, आणि आमच्याकडे करतातही. मी बँकेची जाहिरात करत नाही. सहकारी बँकांचे सगळे गुणदोष सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तो पैसा कोणाचा, या प्रश्नाला निदान लेखी उत्तर होतं. वसईतली चर्चेस आज भरलेली आहेत याचा मला आनंद आहे. फक्त आमच्याही शाळा, दवाखाने, प्रवेश आणि शिफारशी चर्चच्या भोवती फिरतात, तेव्हा त्या गर्दीतलं नेमकं काय मोजायचं, हे मी आता तितक्या खात्रीने सांगणार नाही.

डब्लिनमध्ये बाऊ स्ट्रीटवर कापुचिन संघाचं एक केंद्र आहे. ब्रदर केविन क्राउली यांनी १९६९ मध्ये सुरू केलं. बेघर, भुकेल्या माणसांना जेवण, कपडे, डॉक्टर. तिथे नियम एकच : आत येणाऱ्याला प्रश्न विचारायचे नाहीत. तू कोण, दारू पितोस का, कामाला का जात नाहीस, काही नाही. पोप फ्रान्सिस २०१८ मध्ये तिथे मुद्दाम गेले होते. या देशात २०२५ साली पंधरा हजारांवर माणसं तात्पुरत्या निवाऱ्यात होती, हजारो मुलं धरून. आणि तो आकडा फक्त सरकारी यादीतला. माझा एक सहकारी, चर्चचं नाव काढलं की शिवी देणारा, दरवर्षी मॅरेथॉन धावून या केंद्रासाठी पैसे जमवतो. त्याला यात विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही. १९५१ मध्ये बिशपांना जी गोष्ट मान्य नव्हती, तीच हे केंद्र पन्नास-पंचावन्न वर्षं करतंय.

कॅथलिक कायद्यात चर्चने मालमत्ता कशासाठी बाळगावी ते लिहिलेलं आहे : उपासना, सेवकांचा निर्वाह, आणि धर्मकार्य व दानधर्म, विशेषतः गरजूंसाठी. त्याच कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी लागते. फिंगलस भागात १९६७ मध्ये साडेतीन हजार माणसं मावतील एवढं चर्च बांधलं होतं. ते पाडून तिथे छोटं चर्च आणि उरलेल्या जागेत वृद्धांसाठी घरं, असं ठरलं. मला ही योजना कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त पटली, म्हणून मी आमच्या चर्चच्या समितीत नाव दिलं. संगणकावर हिशेब मांडणारा कोणीतरी त्यांना हवाच होता.

गेल्या बैठकीला आम्ही अकरा जण होतो. विषय होता फादर राहतात ते घर. सात खोल्या, एकेकाळी चार फादर आणि एक घरकाम करणारी बाई राहायची, आता एकटे फादर राहतात, नायजेरियाचे, आणि हिवाळ्यात दोनच खोल्या गरम करतात. आजींचं म्हणणं होतं की वरचा मजला एखाद्या बेघर कुटुंबाला द्यावा. एका गृहस्थांनी आगीच्या नियमांचं काढलं, दुसऱ्यांनी विम्याचं. फादर म्हणाले, माझी हरकत नाही, मला सोबतच होईल. मग कोणीतरी विचारलं, घर नक्की कोणाच्या नावावर आहे? खजिनदारांनी फाइल उघडली. घर धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावावर होतं. आम्ही फक्त विनंती करू शकत होतो. आजी म्हणाल्या, मग विनंती लिहा. पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे. पहिल्या ओळीत 'आमचं घर' लिहायचं की 'आपलं', यावर अजून एकमत झालेलं नाही.